बारा चित्रांचा उशीर

ऑफिसात त्याला सगळे तराजू म्हणत. खरं नाव होतं, नाही असं नाही, पण ते फक्त हजेरीच्या यंत्राला ठाऊक. चौथ्या मजल्यावरच्या त्या एकतीस माणसांच्या कंपनीत लढाईचा एक व्हिडिओ गेम बनत होता आणि त्यातल्या लढवय्यांची पारडी सारखी ठेवणं ही याची नोकरी. कुणाच्या तलवारीनं किती जखम व्हावी, कुठला राक्षस किती घावांत आडवा व्हावा, पळायला किती दम लागावा, हे सगळं एका लांबलचक तक्त्यात ओळीओळीनं मांडलेलं असे आणि हा दिवसभर त्यातले आकडे हलवत बसे. दोनाचे अडीच करी. लोकांना खेळायला देई. मग अडीचाचे सव्वादोन करी. जगात पोटापाण्याचे उद्योग तरी किती तऱ्हेचे असतात!

स्वभावही कामाला साजेसा. चव्वेचाळीस वर्षांत त्याचा आवाज चढलेला कुणी ऐकला नव्हता. कुणी काही विचारलं, मागितलं, कशाबद्दल कुरकुर केली, की तो मान हलवून "बघतो" म्हणे. या "बघतो"चा अर्थ हो असा नसे आणि नाही असाही नसे. त्याची बायको लोकांना मोटार चालवायला शिकवी. शिकाऊ माणसानं घोळ घातला तर आवरायला तिच्या पायाशी वेगळा ब्रेक असे. ती शेजारणींना सांगे, "मला दोन ब्रेक मिळालेत. एक गाडीत आणि एक घरी."

तर गेममध्ये चार लढवय्ये होते. तिघांचं बस्तान बसलं होतं. घोडं अडलं होतं ते चौथीपाशी. तिचं नाव राखणदारीण. उंच, रुंद खांद्यांची, हातात लांब दांड्याचं पातं घेतलेली बाई. बाकीच्या तिघांकडे शक्तीचा एकेकच साठा, हिच्याकडे दोन, आणि तेही एकमेकांच्या मुळावर उठलेले. पडद्याच्या डाव्या कोपऱ्यात लाल कुंभ, त्यात संताप. उजव्या कोपऱ्यात निळा कुंभ, त्यात सबुरी. वार केला की संताप चढे आणि सबुरी उतरे. समोरच्याचा वार चुकवला किंवा पातं आडवं धरून अडवला, की सबुरी चढे आणि संताप उतरे. लाल काठोकाठ भरला तर एका घावात दहा राक्षस लोळवता येत. पण तोवर निळा कोरडा पडलेला असे आणि चारी बाजूंनी घेरलं गेलं तर सुटका नसे. निळा भरलेला असला तर कसल्याही घेऱ्यातून एका उडीत बाहेर पडता येई. पण नुसत्या उड्या मारून राक्षस मरत नसतात. खेळणाऱ्यानं या दोहोंमध्ये सतत झुलत राहायचं, कधी ओतायचं आणि कधी साठवायचं हे क्षणाक्षणाला ठरवायचं, हीच तिची गंमत. ही कल्पना तराजूच्याच डोक्यातून निघाली होती. आयुष्यात चांगल्या कल्पना मोजक्याच सुचतात, तेव्हा तो तिला जिवापाड जपत होता.

राखणदारणीच्या अंगात हाडं घातली होती ती शेजारच्या टेबलावरच्या मुलीनं. चित्रकारानं काढलेल्या देहात सांगाडा बसवायचा आणि मग त्याला चालायला, वळायला, मारायला शिकवायचं, हे तिचं काम. म्हणून तिला सगळे हाडवैद्य म्हणत. सत्तावीस वर्षांची, बारीक चणीची, बोलायला मोकळी. आई निवृत्त मुख्याध्यापिका. बाहुल्यांना हाडं बसवणं ही नोकरी असू शकते यावर त्या माउलीचा कधी विश्वास बसला नव्हता. मामाचं चष्म्याचं दुकान होतं आणि तिथला काउंटर भाचीची वाट बघतोय, हे घरी दर रविवारी निघे.

मुलगी कामाची पक्की होती. राखणदारणीचा वार बसवायच्या वेळी ती तीन दिवस मधल्या बोळात छत्री घेऊन उभी होती. मोबाइल खिडकीत टेकवून स्वतःचं चित्रण करी. खांदा मागे कधी जातो, वजन मागच्या पायावर कधी येतं, टाच कधी उचलते, हे बघून बघून तिनं तो वार रचला. पडद्यावर सेकंदाला साठ चित्रं सरकतात. तिचा वार बावीस चित्रांचा झाला. मालकांनी बघितला आणि म्हणाले, "वा." मालक स्वतः पट्टीचे खेळाडू, पण कौतुकाच्या बाबतीत हात आखडता. त्यांच्या एका "वा"वर लोक सहा महिने काढत.

पण ही झाली दोन वर्षांपूर्वीची गोष्ट. गेल्या आठ महिन्यांत त्या वाराला कुणाची दृष्ट लागली कोण जाणे. खेळून बघायला येणारी जुनी, मुरलेली माणसं एकजात म्हणू लागली, "हिचा हात जड आहे. बटण दाबलं तरी बाई हलत नाही." आता हात जड म्हटल्यावर दोष कुणाचा? डोळ्यांना जे दिसतं त्याचाच. मालकांनी हाडवैद्याला बोलावून सांगितलं, वार छाट. तिनं बावीसचा वीस केला. तरी हात जडच. वीसचा एकोणीस केला. खांदा मागे जाणं काढलं, टाच उचलणं काढलं. असं करत करत अकरा वेळा छाटून तिनं तो वार नऊ चित्रांवर आणला, आणि तरीही लोक म्हणत, हात जड.

दरवेळी छाटायला बसण्याआधी ती खुर्ची वळवून विचारी, "दादा, तुमच्या बाजूनं काही आहे का हो?"

तराजू म्हणे, "बघतो."

आणि तो बघेही. खोटं कशाला बोला! तक्ता उघडे, राखणदारणीच्या वाराच्या ओळी वरपासून खालपर्यंत वाची, सगळं ठीक दिसे, आणि तो दुसऱ्या कामाला लागे. ती बिचारी छाटायला बसे.

पुढे पुढे ती बोळात छत्री घेऊन जाईनाशी झाली. जेवायच्या सुट्टीत हसणं कमी झालं. एकदा ती टेबलाखाली आपले दोन्ही हात मांडीवर उताणे ठेवून त्यांच्याकडे बघत बसलेली तराजूला दिसली. बरं नसेल, असं त्याला वाटलं.

महिनाअखेरीला गेम बाजारात आणणाऱ्या लोकांच्या हवाली करायचा होता. त्याआधीच्या शुक्रवारी मालक सगळ्यांसमोर राखणदारीण स्वतः खेळून ठरवणार होते, ठेवायची की काढून टाकायची. ती राहिली तर हाडवैद्याचा करार वाढणार, गेली तर तो महिनाअखेरीला संपणार. हे मालकांनी स्वच्छ सांगून टाकलं होतं आणि बारक्यातल्या बारक्या माणसालाही ते ठाऊक होतं.

मंगळवारी तराजू त्या बैठकीसाठी आकडे काढत बसला होता. खेळून बघणाऱ्यांच्या हातून राखणदारीण गेल्या आठ महिन्यांत तीनशे बारा वेळा मेली होती. मरताना कुठला कुंभ किती भरलेला होता याची नोंद यंत्र ठेवत असे, पण ती उघडून बघायचं कुणाच्या डोक्यात आलं नव्हतं. त्यानं ती काढली आणि त्याचे डोळे बारीक झाले. मरताना लाल जवळजवळ रिकामा आणि निळा पाऊण भरलेला. तीनशे बारांपैकी दोनशे नव्वद वेळा हेच. हाताशी एवढी सबुरी असताना माणसं उडी मारून बाहेर का पडत नव्हती? आणि एवढी बटणं बडवून संताप चढत कसा नव्हता?

तो तक्त्यात शिरला. नेहमीच्या ओळी सोडून खाली, अडगळीत गेला. आणि दोनशे चौदाव्या ओळीत त्याला स्वतःचंच अक्षर भेटावं तशी स्वतःची नोंद भेटली. शीर्षक होतं, "तात्पुरतं". आकडा होता बारा.

मग त्याला सगळं आठवलं. आठ महिन्यांपूर्वी नवशिक्यांची एक तुकडी खेळायला आली होती. उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग, तशी ती मंडळी; घेतलं खेळायचं यंत्र हातात आणि सुटली बटणं बडवत. सबुरी संपे आणि दोन मिनिटांत राखणदारीण आडवी. तराजूला त्यांची दया आली. त्यानं एक सोय केली. वाराचं बटण दाबलं की गेमनं बारा चित्रं थांबायचं, म्हणजे सेकंदाचा पाचवा भाग. तेवढ्यात खेळणाऱ्यानं विचार बदलून चुकवण्याचं बटण दाबलं तर वार रद्द आणि सबुरी शाबूत. मारण्याआधी थोडा विचार करायला वेळ, एवढाच त्याचा हेतू. नवशिके मरायचे थांबले, मालक खूश झाले, आणि नंतर काढू म्हणून ठेवलेली ती ओळ तिथंच राहिली. ज्या प्रोग्रॅमरनं ती यंत्रात बसवली होती तो दुसरीकडे निघून गेला. तराजू ती साफ विसरला. डोक्यातून गेली म्हणजे गेलीच.

म्हणजे वार जड नव्हताच. बटण दाबल्यावर बाई बारा चित्रं खांबासारखी उभी राही आणि मग मारायला निघे. घाबरलेला खेळाडू तेवढ्यात दुसरं बटण दाबे, वार रद्द होई, निळा भरत राही, राक्षस मरत नसत, घेरा वाढत जाई आणि भांबावून गेलेला माणूस त्या भरल्या निळ्यासकट मरे. आणि या बारा चित्रांची भरपाई म्हणून शेजारच्या टेबलावरची मुलगी आठ महिने आपल्याच वाराचे लचके तोडत होती. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ती हीच.

त्यानं हळूच शेजारी पाहिलं. हाडवैद्य कानाला हेडफोन लावून काम करत होती. सांगायचं तर तेव्हाच सांगायला हवं होतं. दोन हातांचं अंतर होतं. पण तराजू पडला तराजू. त्यानं विचार केला, आरडाओरडा कशाला? आकडा शून्य करून टाकू. हात आपोआप हलका होईल, शुक्रवारी मालक खूश, पोरीची नोकरी राहील, आपलंही झाकलेलं राहील. साप मरेल आणि काठीही मोडणार नाही. बुधवारी सकाळी लवकर येऊन त्यानं बाराचं शून्य केलं.

आणि ते असं अंगाशी आलं की पुसू नका.

बुधवारी दुपारी सहा माणसं राखणदारीण खेळायला बसली. बटण दाबल्याबरोबर वार होत होता, यात शंका नाही. पण कुठला वार? खांदा मागे जात नाही, टाच उचलत नाही, वजन कुठून येत नाही; उरलेली नऊ चित्रं सपकन सरकत आणि एवढी धिप्पाड बाई डास हाकलावा तसा हात झटके. एक जण म्हणाला, "हिला करंट लागलाय का?" बाकीचे हसले. मालक मागे उभे राहून बघत होते. ते हसले नाहीत.

"आधी जड होता, आता फडफडतोय," ते म्हणाले. "दोन वर्षांत या मुलीला एक वार जमेना." आणि ते केबिनमध्ये निघून गेले. हाडवैद्य दारात उभी होती. तिनं ते ऐकलं, हे तराजूनं पाहिलं.

त्या संध्याकाळी त्यानं बायकोला सगळं सांगितलं. ती ओट्यापाशी उभी राहून भांडी पुसत होती. मध्ये एकदाही बोलली नाही, आणि हे तिच्या बाबतीत काही बरं लक्षण नव्हे.

"झालं सांगून?" ती म्हणाली. "आता ऐक. शिकाऊ माणूस गाडी चालवतो आणि मध्येच मी माझा ब्रेक दाबते. गाडी थांबते. त्याला काय वाटतं? आपलंच चुकलं. म्हणून मी पहिल्याच दिवशी सांगून ठेवते, बाबा रे, मी दाबला तर मी तोंडानं सांगेन. नाहीतर तो महिनाभर क्लचशी झटत बसेल आणि शेवटी म्हणेल, मला गाडी येत नाही."

"मी मुद्दाम नाही केलं."

"मुद्दाम केलं असतंस तर निदान लक्षात तरी राहिलं असतं! उद्या सांगणार आहेस ना तिला?"

"बघतो," तराजू म्हणाला.

बायकोनं हातातलं पातेलं असं आपटलं की शेजारच्या घरातला रेडिओ बंद झाला.

गुरुवारी तो खरंच सांगायला निघाला होता. पण सकाळी दहालाच मालकांनी हाडवैद्याला केबिनमध्ये बोलावलं. उद्याची बैठक होईल तशी होईल, पण तू आपली दुसरीकडे बघायला लाग, असं त्यांनी सांगितलं. ती पाच मिनिटांत बाहेर आली आणि टेबल आवरू लागली. रडली नाही. खणातल्या पेन्सिली एका रबरात बांधल्या. सांगाड्याची पुठ्ठ्याची बाहुली पिशवीत ठेवली. तीनदा तराजू मालकांच्या केबिनपर्यंत गेला आणि तीनदा पाणी पिऊन परत आला. दिवसभरात त्याच्या पोटात एवढं पाणी गेलं की बोलायला जागा उरली नसावी. तिच्यासमोर जाऊन उभं राहायची त्याला लाज वाटत होती, हे त्यानं स्वतःशी संध्याकाळी पाचच्या सुमाराला कबूल केलं. तोवर ती घरी गेली होती.

शुक्रवारी अकरा वाजता एकतीसच्या एकतीस माणसं मोठ्या खोलीत जमली. खुर्च्या पुरल्या नाहीत तेव्हा काही जण खिडकीच्या कट्ट्यावर बसले. हाडवैद्य सगळ्यांत मागे, दाराशी उभी होती, पिशवी खांद्यालाच. मालकांनी हातात यंत्र घेतलं आणि राखणदारणीला घेऊन जंगलात शिरले. चार राक्षस आले. बाईनं हात झटकला. पुन्हा झटकला. लाल कुंभ भराभर चढत होता. आकडे बघणाऱ्याला सगळं उत्तम वाटलं असतं. पण बघायला नको वाटत होतं. कुणीतरी खोकल्यासारखं केलं आणि हसू दाबलं.

मालकांनी यंत्र खाली ठेवलं. "कल्पना चांगली होती," ते म्हणाले. "संताप, सबुरी, सगळं चांगलं. पण हातच नसेल तर—"

"थांबा," तराजू म्हणाला.

आवाज त्याच्या अपेक्षेपेक्षा मोठा निघाला. एकतीस माणसं वळून बघायला लागली, म्हणजे खरं तर तीस, एकतिसावा तोच.

"चूक माझी आहे," तो म्हणाला. "ओळ दोनशे चौदा. आठ महिन्यांपूर्वी मी वाराआधी बारा चित्रांचा उशीर घातला. नंतर विसरलो. हात जड होता तो त्यामुळे. तिच्यामुळे नाही."

"आठ महिने?" मालक म्हणाले.

"आठ."

"आणि आता? आता तर जड नाही. आता फडफडतोय."

"परवा मी तो उशीर काढला. कुणाला न सांगता. पण तोवर तिनं वार नऊ चित्रांवर आणला होता. तिनं आणला म्हणजे आपण आणायला लावला. अकरा वेळा. उशीर माझा होता आणि छाटलं मात्र तिचं काम."

मालकांचा चेहरा लाल होत गेला, पण ते ओरडले नाहीत. मागे वळून त्यांनी दाराकडे पाहिलं.

"पहिला वार आहे का गं जपलेला? बावीसचा?"

"आहे," हाडवैद्य म्हणाली.

ती पुढे आली. पिशवी खांद्यालाच ठेवून, उभ्या उभ्याच तिनं जुन्या फायलींतून तो वार काढला आणि बसवला. दहा मिनिटं लागली. त्या दहा मिनिटांत कुणी बाहेर गेलं नाही, कुणी चहा घेतला नाही. तराजू खिडकीपाशी उभा होता आणि त्याच्या दोन्ही बाजूंच्या माणसांनी नकळत थोडं अंतर ठेवलं होतं.

मालकांनी पुन्हा यंत्र हातात घेतलं. राक्षस आले. बटण दाबल्याबरोबर राखणदारणीचा खांदा मागे गेला, वजन मागच्या पायावर आलं, टाच उचलली, आणि पातं असं आलं की पहिल्या रांगेतल्या एकानं मान मागे घेतली. लाल चढला. तिनं दुसऱ्याचा वार चुकवला, निळा चढला, लाल थोडा उतरला. पाच जणांनी घेरलं. मालकांनी निळा अर्धा ओतून उडी मारली, बाहेर पडले, वळले, तीन घाव घालून लाल काठोकाठ भरला आणि मग तो सगळाच्या सगळा एका घावात रिकामा केला. जंगलात कुणी उरलं नाही. मालक आणखी वीस मिनिटं खेळत राहिले. आपण बैठकीत आहोत हे त्यांच्या लक्षात आहे असं वाटत नव्हतं.

शेवटी त्यांनी यंत्र ठेवलं. "ही राहणार," ते म्हणाले. "आणि तूही राहा. काल मी बोललो ते चुकलंच माझं." मग तराजूकडे बघून, "तुमचं आमचं नंतर बोलू."

हाडवैद्य म्हणाली, "विचार करून सांगते." आणि खोलीबाहेर गेली.

सगळ्यांना नवल वाटलं. तराजू तिच्या मागोमाग बाहेर आला. ती बोळात पाण्याच्या यंत्रापाशी उभी होती.

"चुकलं माझं," तो म्हणाला. "मी मंगळवारीच—"

"मंगळवारी!" ती गर्रकन वळली. "मंगळवारी कळलं होतं तुम्हाला? बुधवारी लोक मला हसत होते तेव्हा माहीत होतं? काल मी टेबल आवरत होते तेव्हा शेजारी बसून माहीत होतं?"

"हो."

मग ती ओरडली. आठ महिन्यांचं सगळं एकदम आलं. चौथ्या मजल्यावर असा आवाज पूर्वी कधी झाला नव्हता. मोठ्या खोलीतली माणसं दारापर्यंत आली आणि तिथंच थबकली. ती म्हणाली, अकरा वेळा विचारलं मी तुम्हाला, अकरा वेळा, आणि तुम्ही काय म्हणालात? ती म्हणाली, मला वाटायला लागलं होतं की माझ्या हातातच काही नाही, पहिला वार चुकून जमला असेल. तराजू उभा राहिला. बाजूला सरकला नाही, पाणी प्यायला नाही.

"आता माझ्यासमोर मान खाली घालून उभं राहणं सोपं आहे," ती म्हणाली. तिचा आवाज एकदम खाली आला. "काल रात्रीच्या जेवणाला मी आईला सांगितलं. स्वतःच्या तोंडानं सांगितलं, की मला हे काम येत नाही. दोन वर्षं ती म्हणत होती आणि मी भांडत होते. काल मीच म्हटलं."

"मग?"

"मग काय? 'बरं' म्हणाली. नुसतं 'बरं'. पान पुढे सरकवलं आणि म्हणाली, मामाला कळवते. पहिल्या तारखेपासून काउंटरवर बसायचंय मला."

तिच्या डोळ्यांत पाणी आलं. आठ महिन्यांत पहिल्यांदाच, निदान या इमारतीत.

तराजूचा तक्ता, त्याच्या ओळी, कशातच याला उत्तर नव्हतं. मालकांनी "राहा" म्हटल्यानं हे मिटत नव्हतं. पोरीनं आईला जे सांगितलं होतं ते त्या घरात अजून खरंच होतं. त्यानं हात पुढे केला.

"फोन लाव," तो म्हणाला.

"कुणाला?"

"आईला. मी बोलतो."

तिनं नंबर लावला आणि फोन त्याच्या हातात दिला. पलीकडे बराच वेळ घंटी वाजली. एक करडा, सवयीनं मोठा आवाज म्हणाला, "हॅलो?"

"नमस्कार. मी तुमच्या मुलीच्या शेजारच्या टेबलावर बसतो. काल ती तुम्हाला म्हणाली की तिला काम येत नाही. ते खरं नाही. तिचं काम पहिल्या दिवसापासून बरोबर होतं. चूक माझी होती आणि ती मी लपवली."

पलीकडे कुठल्याशा मालिकेतली माणसं मोठमोठ्यानं बोलत होती.

"थांबा," आई म्हणाली. "आधी टीव्ही बंद करते."

आवाज थांबला. खुर्ची ओढल्याचं ऐकू आलं.

"हं. आता पहिल्यापासून सांगा."